‘इतर’च्या रकान्यातलं कोल्हापूर

कुणाला शेअर बाजाराचे आकडे बघितल्याशिवाय चहा गोड लागत नाही. आमच्याकडं मार्केट यार्डात गुळाला काय दर निघाला हे विचारल्याशिवाय काहींचा दिवस सुरू होत नाही. मला गेमिंग कन्सोलच्या, म्हणजे टीव्ही गेमच्या यंत्रांच्या, विक्रीचे तक्ते वाचायचा नाद आहे. कुठलं यंत्र कोणत्या देशात तुफान चाललं, कुठं सपशेल आपटलं, हे वाचत रात्रीचे दोन वाजतात. खेळणं केव्हाच कमी झालं, हा नाद मात्र सुटत नाही.

निन्टेंडो या जपानी कंपनीचा तक्ता मला विशेष आवडतो, कारण तो सरळ आहे. आजवरची सगळी यंत्रं एकाखाली एक आणि पुढं तीन रकाने: जपान, अमेरिका खंड, इतर. १९८३ च्या जुलैमध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ निघाला. तोच दोन वर्षांनी रंगरूप बदलून ‘एनईएस’ या नावानं अमेरिकेत गेला. त्याची ओळ अशी: जपान १ कोटी ९३ लाख, अमेरिका ३ कोटी ४० लाख, इतर ८५ लाख. या शेवटच्या ८५ लाखांत अख्खा युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, उरलेला आशिया असे सगळे आले. आपणही त्यातच. म्हणजे असलोच तर.

असलोच तर म्हणायला कारण आहे. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत गल्लीआड एक तरी घर असं असायचं, की मे महिन्याच्या सुट्टीत दुपारच्याला त्याच्या दारात पोरांच्या चपलांचा ढीग पडलेला. आत मारिओ, नाहीतर कॉन्ट्रा, नाहीतर बंदुकीनं बदकं मारायचा कार्यक्रम. ‘कन्सोल’ वगैरे कुणी म्हणत नव्हतं. टीव्ही गेम म्हणायचे, किंवा नुसतंच व्हिडिओ गेम. महाद्वार रोडला खेळण्यांच्या दुकानात मिळायचा, कुणाचा पाहुणा मुंबईहून घेऊन यायचा, आणि ज्यांना विकत घेणं झेपत नव्हतं ते दिवसाच्या भाड्यानं आणायचे. कॅसेटचं भाडं वेगळं. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं ठसठशीत छापलेलं, आणि आत खरे गेम बोटांवर मोजण्याइतके; बाकी तेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. हे सगळे डबे म्हणजे फॅमिकॉमची नक्कल. गेम तेच, उड्या त्याच, संगीतसुद्धा तेच. पण क्योटोतल्या निन्टेंडो कंपनीच्या वहीत त्यातल्या एकाचीही नोंद नाही.

हे काही आपल्याकडंच झालं असं नाही. रशियात १९९२ साली ‘डेंडी’ नावानं हीच नक्कल निघाली, डब्यावर हत्तीचं चित्र. तिथल्या एका पिढीला मारिओ पाठ होता आणि निन्टेंडो हे नाव ठाऊक नव्हतं. पोलंडमध्ये तिचंच नाव ‘पेगासस’. चीनमध्ये ‘सुबोर’, आणि त्याला चक्क कीबोर्ड. म्हणजे आईबापांना सांगायला बरं, पोरगं कॉम्प्युटर शिकतंय. ही युक्ती कोल्हापुरापर्यंतही पोचली होती. त्या कीबोर्डवर टायपिंग शिकलेलं पोरगं मला अजून भेटायचं आहे. तर असे मोठमोठे देश त्या तक्त्यात जवळपास कोरे दिसतात, आणि तक्ता वाचणाऱ्याला वाटतं की १९९० च्या सुमाराला तिकडची पोरं बिचारी गोट्याच खेळत असतील.

अधिकृत माल भारतात आलाच नाही असंही नाही. एनईएस इथं ‘समुराई’ नावानं विकायला निघाला. शॉ वॉलेस या कंपनीचं नाव आपल्याकडं दारूच्या बाटलीवर वाचायची सवय. पण १९९४ मध्ये सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीनं आपल्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलसाठी तिच्याशी करार केला. आयात शुल्क तेव्हा ८० टक्के होतं, त्यातून वाट काढायला हा करार, आणि तरीही यंत्राची किंमत १८ हजार रुपये. ज्या टीव्हीला तो जोडायचा, तो रंगीत टीव्हीच त्या पैशात घरी आला असता. मग पेठेतल्या माणसानं नक्कल घेतली यात नवल ते काय?

पण कर जास्त म्हणून खप कमी, हे गणित सगळीकडं लागू पडत नाही. ब्राझीलमध्येही बाहेरच्या वस्तूंवर जबर कर होता. तिथं टेकटॉय नावाच्या कंपनीनं सेगाकडून परवाना घेतला आणि माल देशातच, मनाऊसच्या करमुक्त पट्ट्यात, बनवायला सुरुवात केली. १९८९ मध्ये सेगाचा मास्टर सिस्टीम तिकडं आला. हे यंत्र जपानात आणि अमेरिकेत निन्टेंडोपुढं टिकलं नव्हतं. ब्राझीलमध्ये ते असं रुजलं की २००१ मध्ये खुद्द सेगानं यंत्रं बनवायचं सोडलं, तरी टेकटॉय ते विकतच राहिली. शिवाय त्यांनी गेममध्येही हात घातला. जपानी गेममधला नायक काढून त्याजागी मोनिका ही तिथल्या चित्रकथांमधली दात पुढं आलेली, भांडखोर पोरगी बसवली. घराघरात ओळखीची. परदेशी यंत्र उघडून बघायचं आणि आपल्या फौंड्रीत तसंच ओतायचं, हे आमच्या उद्यमनगराला काही नवीन नाही. तिथल्या एखाद्या मेस्त्रीला टेकटॉयचं डोकं चटकन कळलं असतं.

आता उलटा प्रश्न. जिथं पैसा आहे, चकचकीत दुकानं आहेत, कर आडवा येत नाही, तिथं एखादं यंत्र का खपू नये? मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स २००२ च्या फेब्रुवारीत जपानात उतरला. जगभरात तो २ कोटी ४० लाखांच्या वर गेला, त्यातले १ कोटी ६० लाख एकट्या उत्तर अमेरिकेत. जपानात पाच लाखांच्या आसपास. पुढं आलेला एक्सबॉक्स वन तर तिथं सगळा मिळून लाखाच्या किंचित पुढं सरकला. जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर याच्या कित्येक पट माणूस गोळा होतो.

याची कारणं सांगणारे पुष्कळ आहेत. कंट्रोलर एवढा थोराड की जपानी हातात मावेना. मग खास त्यांच्यासाठी छोटा काढला आणि तोच पुढं जगभर चालला. यंत्र डिस्कवर ओरखडे पाडतं अशा तक्रारी सुरुवातीलाच उठल्या. एक्सबॉक्सचा जीव गोळीबाराच्या गेममध्ये, आणि जपानी माणसाचा जीव शंभर-शंभर तास चालणाऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या गेममध्ये. सगळं खरं असेल. पण मला वाटतं खरी मेख घरात आहे, आणि घरापेक्षाही आगगाडीत. निन्टेंडोचा ‘डीएस’ हा हातात धरून खेळायचा. तो जगभरात १५ कोटी ४० लाख खपला, त्यातले ३ कोटी ३० लाख जपानात. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतेरा कोटींच्या आसपास. म्हणजे चार माणसांमागं एक डीएस! जपानी माणूस कामाला आगगाडीनं जातो, पोरगं क्लासला आगगाडीनं जातं, आणि घर लहान. जे खिशात मावतं ते तिथं चालतं. निन्टेंडोनं पुढं ‘स्विच’ काढला, घरी असताना टीव्हीला लावा, बाहेर पडताना उचलून न्या. त्या १५ कोटींहून जास्त यंत्रांपैकी साडेतीन कोटींवर यंत्रं एकट्या जपानात गेली. अमेरिकेत बैठकीची खोली ऐसपैस, सोफा लांब, टीव्ही भिंतीएवढा. तिथं एक्सबॉक्स शोभतो.

जपानची चव वेगळी हे सेगाच्या उदाहरणातही दिसतं. तिचा मेगा ड्राइव्ह जगात तीन कोटींच्या आसपास गेला, जपानात जेमतेम ३६ लाख. नंतरचा सॅटर्न अमेरिकेत साफ झोपला आणि जपानात बऱ्यापैकी चालला. जगभरातल्या एकूण विक्रीतला निम्म्याहून जास्त माल तिथंच गेला. कंपनी एकच, मधे पाचसहा वर्षं, आणि नशीब बरोबर उलटं.

आमच्याकडं मात्र टीव्ही एक आणि सत्ता आईची. संध्याकाळी मालिका सुरू झाली की मारिओला मधेच खड्ड्यात सोडून उठायचं. त्यात आणखी एक ठाम समजूत, गेम लावला की टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. कुणाची गेलेली बघितली नव्हती, पण सगळ्यांच्या आयांना हे माहीत होतं, आणि टीव्ही दुरुस्त करणारेही मान डोलावायचे. मुलाला स्वतःचं यंत्र, स्वतःचा पडदा, ही कल्पनाच घरात बसणारी नव्हती.

युरोपचं थोडक्यात सांगतो. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, अटारीनं न खपलेला माल वाळवंटात पुरला. म्हणून दोन वर्षांनी निन्टेंडोनं आपलं यंत्र व्हीसीआरसारखं दिसेल असं करून, सोबत एक यांत्रिक रोबो देऊन विकलं. दुकानदाराला ‘व्हिडिओ गेम’ म्हटलेलं नको होतं. युरोपात ही पडझड फारशी जाणवलीच नाही. तिथली पोरं स्पेक्ट्रम आणि कमोडोर या घरगुती कॉम्प्युटरवर, गाण्याच्या टेपसारख्या स्वस्त टेपवरून गेम चढवत बसली होती. निन्टेंडो पोचेपर्यंत जागा भरलेली.

दक्षिण कोरियात वेगळीच अडचण. जपानच्या राजवटीची जुनी सल, त्यामुळं जपानी सांस्कृतिक मालाला १९९८ पर्यंत दार बंद. मग सेगाचं यंत्र सॅमसंगनं आपल्या नावानं विकलं, निन्टेंडोचं ह्युंदाईनं. बंदी उठायला लागली तोवर तिथं गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ झाले होते, तासावर पैसे देऊन कॉम्प्युटरवर खेळायच्या खोल्या. चीननं तर २००० साली कन्सोलवर बंदीच घातली आणि २०१४ मध्ये दार किलकिलं केलं. तेवढ्या काळात एक अख्खी पिढी कॉम्प्युटरवर आणि नंतर फोनवर खेळत मोठी झाली. सवय एकदा लागली की दार उघडून काय उपयोग.

कोरियातल्या त्या खोल्यांचं वर्णन वाचलं तेव्हा मला राजारामपुरीतल्या गल्ल्या डोळ्यांपुढं आल्या. दोन हजारनंतर इथं पीएस-टू, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन-टू, आला. जगात सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल, सोनीच्या हिशोबानं १६ कोटींच्या वर. जपानात तो बऱ्याच जणांनी स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर म्हणून घेतला. कोल्हापुरात तो घरात कमी आणि पार्लरमध्ये जास्त दिसला. एक लहानसा गाळा, भिंतीला ओळीनं टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा एक. मालक वहीत वेळ टिपून ठेवायचा आणि गल्ल्यावरून ओरडायचा, ‘‘भावा, पाच मिन्टं ऱ्हायल्यात!’’ यंत्राला बहुधा चिप मारलेली, कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून. लाइट गेली की पैशाचा वाद. भारनियमनाच्या काळात हा वाद रोजचाच, आणि तो सोडवायला मालकाला खुद्द खेळापेक्षा जास्त अक्कल लागायची.

आणि खेळ कुठला? फुटबॉल. बाकीच्या महाराष्ट्राला हे सांगून पटत नाही, पण ज्या गावात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की पेठा ओस पडतात, वर्ल्ड कप आला की चौकाचौकात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्या गावात पोरं दुसरं काय खेळणार? कार रेसिंगची डिस्क धूळ खात पडलेली असायची. फुटबॉलमध्येही दोन तट होते. एक ईए या अमेरिकी कंपनीच्या फिफावाल्यांचा, दुसरा कोनामी या जपानी कंपनीच्या गेमवाल्यांचा, जो जपानात ‘विनिंग इलेव्हन’ आणि युरोपात ‘प्रो इव्होल्युशन सॉकर’ नावानं निघायचा. हरणाऱ्यानं दोघांचे तासाचे पैसे द्यायचे हा अलिखित नियम. ईएनं २०२३ मध्ये आपल्या गेमचं नाव बदलून ‘एफसी’ केलं. इथं कुणी ते मनावर घेतलं नाही, अजून फिफाच म्हणतात.

उरलेल्या भारताला क्रिकेट हवं होतं, आणि तिथंच कन्सोलवाल्यांचं घोडं पेंड खात राहिलं. ईएचा ‘क्रिकेट ०७’ २००६ च्या शेवटी आला आणि ती मालिका तिथंच थांबली. आपल्या पोरांनी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि पुढं वर्षानुवर्षं त्यात नव्या खेळाडूंची नावं, नवे टी-शर्ट भरत तोच खेळत राहिली. त्यासाठी कन्सोलची गरज नव्हती. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आला तेव्हा जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग होते. माणसं बरोबर निवडली होती, पण पोस्टरवर युवराज असला तरी यंत्रात क्रिकेट काय होतं हा प्रश्न उरतोच. सोनीनं जरा जास्त प्रयत्न केले. २००९ मध्ये पीएस-टूसाठी भारतात बनवलेला हनुमानाचा गेम आला, विटीदांडू आणि कबड्डीचा ‘देसी अड्डा’ही आला. हेतू चांगला. पण गांधी मैदान दोन पावलांवर असताना विटीदांडू टीव्हीवर कोण खेळणार?

हे सगळं सांगायचं ते एवढ्यासाठी, की विक्रीचा तक्ता मालकी मोजतो, खेळणं मोजत नाही. जपानात एका घरात तीन स्विच असतील, तर तक्त्यात तीन. राजारामपुरीतल्या गाळ्यात चार पीएस-टू, त्यावर सकाळच्या कॉलेजपासून रात्री शटर पडेपर्यंत पोरांची रांग, वर्षानुवर्षं, तक्त्यात चार. आणि ती चार यंत्रं दुबईहून कुणाच्या बॅगेतून आली असली तर भारताच्या नावावर शून्य. ‘भारतात कन्सोल संस्कृती नाही’ असं जेव्हा एखादा जाणकार गंभीर चेहऱ्यानं सांगतो, तेव्हा त्याला त्या गाळ्यात एकदा बसवावंसं वाटतं. नक्कल केलेली डिस्क, भाड्याचा डबा, चौथ्या हातातला पीएस-थ्री, यातलं काहीच कंपनीच्या नफ्यात पोचत नाही, हे मान्य. पण कंपनीचा नफा आणि एखाद्या गावाची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी ठरवणारी माणसं मला हटवादी वाटतात.

फोननं पुढं बरंच काही गिळलं. जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, पबजी आला, २०२० मध्ये त्यावर बंदी आली, वर्षभरात तो नाव बदलून परतला. पार्लरच्या निम्म्या खुर्च्या तेव्हाच रिकाम्या झाल्या.

तरी कन्सोल संपलेला नाही. उलट आता तो घरात यायला लागलाय. पीएस-५ जपान-अमेरिकेत २०२० च्या नोव्हेंबरात निघाला, आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला. किंमत तेव्हा ४९,९९० रुपये. अमेरिकेत ५०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेछत्तीस हजारांच्या घरात, अर्थात वर तिथला स्थानिक कर. आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला होता; २०१८ च्या शेवटी तो २८ वरून १८ वर आणला नसता तर आकडा आणखी फुगला असता. निन्टेंडोनं मात्र स्विच भारतात कधी रीतसर आणलाच नाही. दुकानात दिसतो, तो बाहेरून आलेला. त्याच निन्टेंडोनं २०२५ मध्ये स्विच-टू काढला तेव्हा जपानसाठी फक्त जपानी भाषेतलं यंत्र ४९,९८० येनला ठेवलं आणि सगळ्या भाषांचं ६९,९८०ला. आपल्या माणसाला स्वस्त, बाहेरच्यानं उचलून नेऊ नये म्हणून भाषेचं कुलूप. सोनीचा प्रवास याच्या उलट. प्लेस्टेशनचं मुख्यालय २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात गेलं. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात, त्यामुळं तिथं प्लेस्टेशनवर वर्षानुवर्षं गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार होता, अमेरिकेत उलटं. पीएस-५ मध्ये सोनीनं जपान्यांच्याही गळ्यात फुलीचा होकार घातला. गिऱ्हाईक कुठं जास्त आहे, ते बटणावरून कळतं.

गेल्या वर्षी भाच्याला कन्सोल घ्यायचा होता. बारावीनंतरच्या सुट्टीत काम करून त्यानं थोडे साठवले होते, थोडे ताई-भावजींनी घातले. ‘‘मामा, तू चल, तुला यातलं कळतं,’’ म्हणून मला ओढून नेलं. त्याला डिस्क नसलेलं, स्वस्तातलं मॉडेल घ्यायचं होतं. दुकानदारानं खोकं काढून दाखवलं, आणि मग स्वतःच ते बाजूला सारलं.

‘‘ह्ये घेऊ नकोस भावा. धा हजार वाचत्यात, पण पुढं सगळं गेम नव्या किमतीला घ्यावं लागणार, परत कुणाला इकता येत न्हाई. डिस्कवालं घे. एक गेम घ्यायचा, संपवायचा, मला आणून द्यायचा, वर थोडं घालून दुसरा न्यायचा. आन् कंट्रोलर दोन घे, एकट्यानं कोण खेळतंय व्हय?’’

भाच्यानं मान हलवली आणि विचारलं, फिफाची जुनी डिस्क आहे का.

‘‘हाय की. पण फुटबॉलचं एक ध्यानात ठेव. दर सप्टेंबरात नवीन येतंय. मेपर्यंत माझ्याकडं आणलीस तर निम्मं पैसे देतो. ऑगस्टात आणलीस तर फुकट दिलीस तरी ठेवून घेणार न्हाई.’’